क्वांटम फंड : इतिहास, कामकाज आणि १९९२ चा पौंड

धागाकर्ता : अनुस्वार

जॉर्ज सोरोस यांचे नाव निघाले की बोलणे १६ सप्टेंबर १९९२ या एका दिवसापाशी येऊन थांबते. पौंड कोसळला, त्यांच्या क्वांटम फंडाने सुमारे एक अब्ज डॉलर कमावले, एवढेच सांगितले जाते आणि ऐकणाऱ्याचा समज होतो की कुणाला तरी भविष्य दिसले होते. या फंडाचा इतिहास मी बरीच वर्षे जमेल तसा वाचत आलो आहे आणि माझे मत असे बनले आहे की त्या सौद्यातले कौशल्य भाकितात नव्हते. पौंडाचा दर परवडण्यासारखा नाही हे तेव्हा पुष्कळांना कळत होते. चुकलो तर किती जाईल आणि बरोबर ठरलो तर किती येईल याचे एक विलक्षण प्रमाण युरोपच्या विनिमयदर व्यवस्थेने (सदस्य देशांच्या चलनांचे दर एकमेकांशी ठरलेल्या मर्यादेत ठेवण्याच्या कराराने) आयते मांडून ठेवले होते. क्वांटमने ते ओळखले आणि ओळखल्यावर रक्कम लावताना हात आखडता घेतला नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि १९७३ पर्यंत प्रमुख चलनांचे दर बाजारावर सोडले गेले. शिकागोत मे १९७२ मध्ये चलनांचे वायदे सुरू झाले होते, १९७७ मध्ये अमेरिकी सरकारी रोख्यांचेही वायदे आले. ज्याला आज ग्लोबल मॅक्रो म्हणतात, म्हणजे एखाद्या कंपनीऐवजी देशाचे व्याजदर, चलन, रोखे आणि शेअर बाजार या सगळ्यांवर मिळून मत बनवून पैसे लावणे, त्याला लागणारी सामग्री या दशकातच हाती आली. तोवर हेज फंड म्हणजे आल्फ्रेड विन्स्लो जोन्स यांनी १९४९ मध्ये घालून दिलेली पद्धत होती : काही शेअर घ्यायचे, काही उसने घेऊन विकायचे आणि नफ्याचा पाचवा हिस्सा व्यवस्थापकाने ठेवायचा.

सोरोस बुडापेस्टचे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकून १९५६ मध्ये ते न्यूयॉर्कला आले. आर्नहोल्ड अँड एस. ब्लाइशरोडर या पेढीत असताना १९६९ मध्ये त्यांनी 'डबल ईगल' नावाचा फंड सांभाळायला घेतला, आणि १९७३ मध्ये जिम रॉजर्स यांच्यासह बाहेर पडून स्वतःचा फंड काढला. त्याचेच पुढे क्वांटम झाले. फंडाची नोंदणी कुरासाव बेटावरची, गुंतवणूकदार मुख्यतः अमेरिकेबाहेरचे आणि निर्णय न्यूयॉर्कच्या कार्यालयातले, अशी रचना होती. सुरुवातीचा नफा चलनांतून आलेला नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर अमेरिकेला शस्त्रास्त्रांवर खर्च वाढवावा लागणार असा अंदाज बांधून दोघांनी संरक्षण कंपन्यांचे शेअर घेतले होते. जगातली एक घटना पकडायची आणि तिचा परिणाम शेवटी कोणत्या भावात उतरेल हे शोधायचे, ही सवय तेव्हाची आहे.

१९८० मध्ये रॉजर्स बाहेर पडले. पुढच्याच वर्षी फंडाला पहिल्यांदा वार्षिक तोटा झाला, आणि तोही २० टक्क्यांहून अधिक. घाबरलेल्या गुंतवणूकदारांनी पैसे काढून घेतल्यामुळे फंडाचा आकार जवळजवळ निम्मा झाला. त्यानंतरचे १९८५ हे वर्ष त्याच्या अगदी उलट टोकाचे : डॉलर पडणार असे धरून सोरोस यांनी जपानी येन आणि जर्मन मार्क जमवले होते, २२ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांच्या अर्थमंत्र्यांनी डॉलर खाली आणण्याचे ठरवले, आणि त्या वर्षीचा परतावा १२० टक्क्यांच्या पुढे गेला. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९८७ मध्ये, ते साफ चुकले. बाजार आधी टोकियोत पडेल असे त्यांचे मत होते, तो न्यूयॉर्कमध्ये पडला. त्यांनी तळाच्या भावाला अमेरिकी वायदे विकून टाकले आणि वर्षभराच्या कमाईचा मोठा भाग काही दिवसांत गेला. तरीही वर्षअखेर फंड नफ्यात होता. चूक कळल्यावर मिळेल त्या भावाला बाहेर पडण्याची ही तयारी मला त्यांच्या नफ्याच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त शिकवणारी वाटते.

१९८८ मध्ये स्टॅनली ड्रकनमिलर आले आणि दैनंदिन सूत्रे हळूहळू त्यांच्याकडे गेली. पौंडाचा सौदा त्यांच्या डोक्यातून निघाला, सोरोस यांनी तो मोठा करायला लावला.

आता ते प्रमाण. ऑक्टोबर १९९० मध्ये ब्रिटनने युरोपीय विनिमयदर व्यवस्थेत प्रवेश केला तो एका पौंडाला २.९५ मार्क या मध्यवर्ती दराने. दोन्ही बाजूंना सहा टक्क्यांची मुभा होती, त्यामुळे अधोमर्यादा २.७७८ मार्क. पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणाचा खर्च आणि महागाई यांना आवर घालण्यासाठी जर्मनीच्या बुंडेसबँकेने व्याजदर चढे ठेवले होते. ब्रिटनमध्ये मंदी होती, त्याला व्याजदर खाली हवे होते; पण पौंड मार्काला बांधलेला असल्यामुळे ते उतरवता येत नव्हते. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड अधोमर्यादेला जवळजवळ टेकला होता. समजा दहा अब्ज डॉलरचे पौंड विकले आणि सरकारने पौंड सावरला, तर तो फार तर २.८५ पर्यंत जाईल. तोटा अडीच टक्के, म्हणजे २५ कोटी डॉलर. मर्यादा तुटली तर दहा-पंधरा टक्के सहज. शिवाय ब्रिटनचा व्याजदर १० टक्के आणि जर्मनीचा त्याच्या जवळपास, त्यामुळे पौंड उसने घेऊन मार्कात ठेवण्याचा खर्च नगण्य होता. प्रत्यक्षात पौंड दोन आठवड्यांत अडीच मार्कांच्या आसपास आला. दहा अब्जांवर दहा टक्के म्हणजे एक अब्ज. कमाईचा प्रसिद्ध आकडा या साध्या गुणाकारातून येतो.

ओहोटी

लेख आवडला. एक प्राथमिक शंका आहे. त्या वेळी फंडाचे स्वतःचे भांडवल दहा अब्ज डॉलरच्या बरेच खाली होते, असे वाचल्याचे आठवते. मग तेवढ्या रकमेचे पौंड विकले ते कुठून आणले? आणि जे आपल्याकडे नाही ते समोरचा विकत का घेतो?

त्रिज्या

ओहोटी, याचे उत्तर मी देतो, कारण एका मॅक्रो फंडाच्या सेटलमेंट विभागात (झालेले सौदे पुरे करणाऱ्या) मी काही वर्षे काम केले आहे. तो फंड क्वांटम नव्हे, पण यंत्रणा सगळीकडे साधारण एकच असते.

पौंड आणावे लागत नाहीत. फंड बँकेशी फॉरवर्ड करार करतो : आजपासून समजा एका महिन्याने मी तुम्हाला इतके पौंड देईन, तुम्ही मला ठरलेल्या दराने मार्क द्या. आज पैशांची देवघेव होतच नाही, बँक फक्त सुरक्षा म्हणून रकमेचा काही टक्के भाग मार्जिन म्हणून अडकवून घेते. मुदत संपताना फंड बाजारातून पौंड विकत घेऊन करार पुरा करतो, किंवा फरकाची रक्कम चुकती होते. या ठरलेल्या दरात दोन देशांच्या व्याजदरांतला फरक आधीच मिसळलेला असतो. अनुस्वार यांनी म्हटलेला 'उसने घेण्याचा खर्च' तो हाच. बँकही हा धोका अंगावर ठेवत नाही. फंडाकडून पौंड घ्यायचे कबूल केल्याबरोबर ती तेवढेच पौंड त्याच क्षणी बाजारात विकते. त्या सप्टेंबरमध्ये अशा सगळ्या विक्रीच्या टोकाला पौंड घेणारा एकच उरला होता, बँक ऑफ इंग्लंड, आणि तिला अधोमर्यादेच्या दराने घेणे बंधनकारक होते. नेहमीच्या बाजारात एवढा मोठा विक्रेता स्वतःच भाव पाडून स्वतःचे नुकसान करतो. इथे ठरलेल्या भावाला कितीही माल घेणारा गिऱ्हाईक समोर उभा होता. आकार वाढवता आला तो यामुळे.

कामकाजाचा रोजचा भाग बाहेर फारसा दिसत नाही. सकाळी प्राइम ब्रोकरकडून (फंडाचे सौदे आणि उधारी सांभाळणाऱ्या मोठ्या पेढीकडून) आलेले आदल्या दिवशीचे सौदे आमच्या नोंदींशी ताडून पाहायचे, प्रत्येक कराराचे त्या दिवशीच्या भावाने मूल्य काढायचे, कुठल्या बँकेला किती मार्जिन द्यायचे आणि कुणाकडून मागायचे हे ठरवून ठरलेल्या वेळेच्या आत पैसे पोहोचवायचे. फंडाचे निव्वळ मालमत्ता मूल्य आम्ही काढत नाही, ते बाहेरचा प्रशासक स्वतंत्रपणे काढतो. एका तिमाहीच्या अखेरीस आमच्या एका ब्रोकरने काही पूर्वसूचना न देता मार्जिनची टक्केवारी वाढवली. भावात काहीच हालचाल झालेली नव्हती, आमचे मत चुकलेले नव्हते, तरी रोकड उभी करण्यासाठी चांगला चाललेला सौदा अर्धा कापावा लागला. आदल्या दिवशी मोकळी रोकड किती ठेवायची यावर आमच्यात वाद झाला होता आणि मी कमी ठेवण्याच्या बाजूने बोललो होतो. तेव्हापासून कोणत्याही फंडाबद्दल वाचताना मी त्याचे मत काय आहे याआधी त्याच्याजवळ न वापरलेले भांडवल किती आहे ते पाहतो.

अनुस्वार यांच्या 'प्रमाणा'बद्दल एक पुरवणी जोडतो. मर्यादा दोन्ही बाजूंनी फसवते. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ मध्ये एका युरोला किमान १.२० फ्रँक असा दर जाहीर केला होता. पुष्कळांनी त्यावरून हिशेब मांडला की १.२० च्या जवळ युरो घेतला तर खाली जाण्याची भीतीच नाही. १५ जानेवारी २०१५ रोजी सकाळी साडेदहा वाजता बँकेने ही मर्यादा अचानक काढून टाकली. माझ्यासमोरच्या पडद्यावरचा दर १.२० वरून उतरत गेला नाही, मधले आकडे दिसलेच नाहीत. काही क्षण नुसते भाव गायब होते आणि मग एक युरो एका फ्रँकच्याही खाली दिसू लागला. १.१९ ला तोटा थांबवण्याचे आदेश देऊन ठेवलेल्यांचे सौदे त्याच्या कितीतरी खाली कापले गेले, कारण त्या भावाला घेणारा कुणी नव्हताच. फ्रँक पडेल असे धरून बसलेल्या एव्हरेस्ट कॅपिटलला त्या दिवसानंतर आपला सुमारे ८३ कोटी डॉलरचा मुख्य फंड बंद करावा लागला.

अनुस्वार

त्रिज्या, मनापासून आभार. स्विस उदाहरणाने माझ्या मांडणीतला कच्चा भाग भरून निघाला. पडणारे चलन सावरणाऱ्या बँकेला परकीय गंगाजळी खर्च करावी लागते आणि ती कधीतरी संपते. वर जाणारे चलन रोखणारी बँक स्वतःचे चलन छापून विकत असते, ते संपत नाही. तिथे संपते ती फक्त इच्छा. म्हणून बचाव करणाऱ्याकडे नेमके काय उरले आहे, साठा की इच्छा, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो.

ब्रिटनची इच्छा कशी संपली ते त्या दिवसाच्या घड्याळात स्पष्ट दिसते. आदल्या संध्याकाळी बुंडेसबँकेचे अध्यक्ष हेल्मुट श्लेसिंगर यांच्या मुलाखतीतले शब्द बाहेर आले, त्यांचा अर्थ असा निघत होता की इटलीच्या लिराच्या नुकत्याच झालेल्या अवमूल्यनाने प्रश्न मिटलेला नाही. १६ तारखेला सकाळपासून बँक ऑफ इंग्लंड पौंड घेत होती. अकरा वाजता व्याजदर १० वरून १२ टक्के केल्याचे जाहीर झाले, पौंड हलला नाही. दुपारी सव्वादोनला दुसऱ्या दिवसापासून १५ टक्के करण्याची घोषणा झाली, तरीही हलला नाही. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास अर्थमंत्री नॉर्मन लॅमाँट यांनी ब्रिटन व्यवस्थेतून बाहेर पडत असल्याचे सांगितले. १५ टक्के तर कधी लागूच झाले नाहीत.

व्याजदर वाढवणे हे खरे म्हणजे विक्रेत्याला महाग पडणारे शस्त्र आहे, मग ते बोथट का ठरले? १५ टक्के दर धरला तरी जर्मनीशी फरक साडेपाच टक्क्यांच्या आसपास, तोही वर्षाचा. महिन्याला अर्ध्या टक्क्याहूनही कमी. दहा टक्के मिळण्याच्या अपेक्षेने बसलेला माणूस तेवढ्याने उठत नाही. त्याच दिवशी स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने आपला दर ५०० टक्क्यांवर नेला होता. तो दिवसाला जवळजवळ १.४ टक्के पडतो, आणि विक्रेते खरोखर मागे हटले. क्रोना त्या आठवड्यात वाचला. मात्र नोव्हेंबरमध्ये स्वीडनलाही चलन मोकळे सोडावे लागले. ब्रिटनला एवढे टोक गाठता येणार नाही हे ओळखण्यासाठी मध्यवर्ती बँकेकडे पाहण्याची गरज नव्हती. तिथली बहुसंख्य गृहकर्जे बदलत्या व्याजदराची होती, त्यामुळे बँकेने दर वाढवला की थोड्याच काळात घरोघरचा हप्ता वाढायचा. क्वांटमच्या लंडन कार्यालयात तेव्हा काम करणारे स्कॉट बेसंट घरांच्या बाजाराचा अभ्यास करून नेमके हेच सांगत होते. मंदीत असलेल्या देशाचे सरकार लाखो कुटुंबांचे हप्ते वाढवून विनिमयदर किती दिवस सांभाळील, या प्रश्नाच्या उत्तरावर तो सौदा उभा होता.

उत्तरायण

माहितीबद्दल दोघांचेही आभार, पण चर्चेत एक बाजू येत नाही ती मांडणे मला भाग वाटते. हिशेबातला तो एक अब्ज कुणाच्या तरी खिशातून आला. ब्रिटनच्या अर्थखात्याने स्वतः केलेला अंदाज ३.३ अब्ज पौंडांचा होता, तो २००५ मध्ये जाहीर झाला. ब्रिटन श्रीमंत देश होता, त्याला ते झेपले. थायलंडचे काय? तिथेही १९९७ च्या आरंभी अनेक फंडांनी, क्वांटमसह, तिथले चलन बात फॉरवर्ड बाजारात विकले होते. डॉलरला २५ च्या आसपास बांधलेला बात २ जुलै रोजी सोडून द्यावा लागला आणि जानेवारी १९९८ मध्ये तो ५५ च्याही पलीकडे गेला. कारखाने बंद पडले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी सौद्याच्या 'प्रमाणा'चे कौतुक वाचणे मला जड जाते.

दुसरे म्हणजे, फंड नेहमी जिंकतात असे नाही, तेही नोंदवायला हवे. ऑगस्ट १९९८ मध्ये हाँगकाँगवर दुहेरी हल्ला झाला. हाँगकाँग डॉलर विकायचा, म्हणजे तो सावरण्यासाठी व्याजदर चढतात, आणि व्याजदर चढल्याने शेअर पडतात म्हणून शेअर निर्देशांकाचे वायदे आधीच विकून ठेवायचे. अर्थसचिव डोनाल्ड त्सांग आणि चलन प्राधिकरणाचे प्रमुख जोसेफ याम यांनी १४ ऑगस्टपासून दोन आठवड्यांत ११८ अब्ज हाँगकाँग डॉलरचे शेअर सरकारी पैशातून विकत घेतले. तेव्हा बाजारतत्त्वांच्या नावाने त्यांच्यावर प्रचंड टीका झाली. पण १९८३ पासूनचा ७.८ चा दर टिकला तो आजतागायत.

अनुस्वार

उत्तरायण, तुमचा आक्षेप मी बाजूला सारत नाही. थायलंडमध्ये झालेले नुकसान खरे आहे, आणि सौदा हुशारीचा होता म्हणून ते हलके होत नाही. माझे म्हणणे कारणांपुरते आहे. थायलंडच्या मध्यवर्ती बँकेने बात वाचवण्यासाठी स्वतःच २३ अब्ज डॉलरहून जास्त रकमेचे डॉलर पुढच्या मुदतीने विकून ठेवले होते. जाहीर होणाऱ्या आकड्यात गंगाजळी मोठी दिसत होती, प्रत्यक्षात तिच्यातला बहुतेक भाग आधीच देऊन टाकलेला होता. मे महिन्यात त्यांनी परदेशी फंडांना बात उसना मिळणे बंद केले तेव्हा त्या फंडांना जबर फटका बसला होता, आणि तरीही सहा-सात आठवड्यांत दर सोडावा लागला. हाँगकाँगकडे साठा खरा होता, म्हणून तो टिकला. बंदिस्त दर आणि रिकामी तिजोरी एकत्र असेल तर फंड नसते तरी तो तुटला असता, फक्त कदाचित उशिरा. हल्ल्यांमुळे पडझड अधिक वेगाने आणि अधिक खोल झाली, हे मात्र मी मान्य करतो. ब्रिटनच्या बाबतीत परिणाम उलटा झाला : बाहेर पडल्यावर व्याजदर जानेवारी १९९३ पर्यंत ६ टक्क्यांवर आला आणि तिथून अर्थव्यवस्था सावरत गेली.

क्वांटमच्या पराभवांची यादीही छोटी नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये येन पडेल असे धरले असता अमेरिका-जपान व्यापारवाटाघाटी फिसकटल्या, येन वर गेला आणि ६० कोटी डॉलर गेले. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियात सुमारे दोन अब्ज बुडाले. तिथे सोरोस यांनी रूबलच्या अवमूल्यनाची सूचना करणारे पत्र स्वतःच वृत्तपत्रात लिहिले होते आणि त्याच वेळी फंडाचा पैसा रशियात अडकलेला होता. माणसांच्या समजुतीने वास्तव बदलते आणि बदललेले वास्तव पुन्हा समजुती घडवते, या विचारावर ज्यांनी आपली सगळी पद्धत उभारली, त्यांच्याच पत्राने बाजार आणखी घाबरला.

ओहोटी

आणि शेवट? फंड अजून आहे का?

अनुस्वार

१९९९ च्या सुरुवातीला ड्रकनमिलर यांनी इंटरनेट कंपन्यांचे शेअर फार महाग आहेत असे म्हणून ते विकले. मत बरोबर होते, वेळ चुकली, मोठा तोटा झाला. मग त्यांनी बाजू बदलून तेच शेअर घेतले, वर्ष नफ्यात संपवले, आणि २००० च्या वसंतात बाजार कोसळला तेव्हा फंडाचा पैसा त्या शेअरांतच होता. एप्रिलमध्ये ड्रकनमिलर फंड सोडून गेले. फंडाचा आकार एवढा वाढला होता की चूक लक्षात आल्यावर १९८७ सारखे चटकन निघणे शक्य राहिले नव्हते. त्रिज्या यांनी सांगितलेला ठरल्या भावाचा गिऱ्हाईक शेअर बाजारात मिळत नाही. २०११ मध्ये अमेरिकेचे नवे नोंदणीनियम आल्यावर बाहेरच्या गुंतवणूकदारांचे राहिलेले पैसे परत करण्यात आले आणि तेव्हापासून फक्त सोरोस कुटुंबाचा आणि त्यांच्या संस्थांचा पैसा तिथे सांभाळला जातो.

त्याच वर्षी मुख्य गुंतवणूक अधिकारी म्हणून परतलेले बेसंट २०१५ पर्यंत तिथे होते. लंडनमधल्या गृहकर्जांचे हप्ते मोजणारे तेच गृहस्थ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेचे अर्थमंत्री आहेत.